गिरणगावातील छायाचित्रे

मुंबईस कामानिमित्त जाणे झाले की तेथील एक सकाळ मी आपल्या छंदाकरिता राखून ठेवतो. हा छंद छायाचित्रणाचा. समुद्र, सूर्यास्त, फुले यांची चित्रे घेणारे पुष्कळ आहेत; माझे मन मात्र धुरांडी, लोखंडी पूल आणि कारखान्यांची दातेरी छपरे यांकडे ओढ घेते. बेळगाव-चंदगडकडील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष ज्या गिरण्यांत राबले, तो भायखळ्यापासून परळपर्यंतचा मुलूख, म्हणजेच गिरणगाव, मी कॅमेरा खांद्याला अडकवून पायी हिंडलो आहे. त्या भटकंतीची ही हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली, आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी चालू झाली. पुढे गिरण्यांमागून गिरण्या उठल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक गिरण्या पुढे बंद पडल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सांचे होते तेथे काचेचे मनोरे उभे राहिले.

पहिल्या फेरीत मी लोअर परळला गेलो. फिनिक्स गिरणीचे आज मोठे बाजारसंकुल झाले आहे. पण तिचे जुने धुरांडे राखलेले आहे. खाली उभे राहून मान वर करून मी चित्र घेतले, तर धुरांडे मागे कलंडल्यासारखे दिसू लागले. कॅमेरा वर रोखला की उंच वास्तूच्या उभ्या रेषा चित्रात एकमेकींकडे झुकतात. त्यावर एक साधा उपाय असा: दूर जावे, किंवा समोरच्या एखाद्या उंच जागी चढावे, आणि कॅमेरा समपातळीत धरावा. ही धुरांडी एवढी उंच बांधली जात, यालाही कारण होते. तापलेली हवा नळीतून वर चढते आणि खालून ताजी हवा भट्टीत ओढून घेते. धुरांडे जितके उंच, तितका बाष्पकाचा विस्तव जोमाने पेटतो.

दुसऱ्या फेरीत माझे लक्ष छपरांकडे गेले. करवतीच्या दात्यांसारखी ती छपरे आपण आगगाडीतून पाहिली असतील. त्या प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची असून ती उत्तरेकडे तोंड करून असते. उत्तरेकडून ऊन सहसा थेट आत शिरत नाही. येतो तो मऊ, एकसारखा उजेड. त्या उजेडात सांच्यावरील तुटलेला धागा चटकन दिसे. आणि गंमत अशी की, जुने चित्रकार व छायाचित्रकारही माणसाचा चेहरा टिपण्यासाठी नेमका हाच उत्तरेचा उजेड शोधीत असत.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या पतिपत्नींनी १९५९ सालापासून खाणींचे मनोरे, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांची हजारो चित्रे घेतली. आभाळ भरून आलेले असताना, म्हणजे सावली पडू नये म्हणून, ती दोघे समोरासमोर आणि किंचित उंचावरून चित्र घेत. त्यांच्या चित्रांत माणूस बहुधा दिसत नाही. त्यांचे पाहून मीही माणसे टाळू लागलो. कोणी मध्ये आले तर ते पुढे जाईपर्यंत थांबत असे. आपले चित्र अगदी स्वच्छ आले, याचा मला अभिमानही वाटे.

एका फेरीत एका चाळीत चंदगडकडील एक वृद्ध गृहस्थ भेटले. सांचेखात्यात त्यांची उमर गेलेली. सांच्यांच्या खडखडाटाने कान अधू झालेले. मी मोठ्या हौसेने चित्रे त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी ती एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

“झकास आहेत, फादर,” ते म्हणाले, “पण यांत फाटक कुठे आहे?”

फाटक मी मुद्दाम वगळले होते. त्याला गंज चढला होता, वर जाहिरातीची फळी होती. चित्राची शोभा जाते म्हणून मी कॅमेरा थोडा वर धरला होता.

“मामा, फाटकाचे एवढे काय?” मी विचारले.

“बदली कामगार होतो मी. भोंगा व्हायच्या आधी रोज सकाळी त्या फाटकाशी उभा राहायचो. मुकादमाने बोट दाखवले तर त्या दिवशी चूल पेटायची. नाही दाखवले तर घरी जाऊन बायकोला तोंड कसे दाखवायचे, याचा विचार करीत दुपारपर्यंत हिंडायचो. धुरांडे आम्ही कधी बघितले, फादर? आमचा डोळा त्या मुकादमाच्या बोटावर.”

मी ओशाळलो. इतक्या फेऱ्यांत धुरांड्याची उंची मी जोखली, छपराचा उजेड अभ्यासिला. परंतु ज्या जागी माणसाचे पोट टांगणीला लागत होते तीच जागा शोभेपायी चौकटीबाहेर टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तेथे गेलो. पत्र्याचे कुंपण घातले गेले होते आणि फाटक निघाले होते. ते चित्र मजजवळ नाही; आता कधी येणारही नाही.

परत येऊन मी मामांना सज्ज्यात बसविले. सज्जा उत्तराभिमुख होता. ज्या उजेडात त्यांनी आयुष्यभर धागे जोडले, त्याच उजेडात त्यांचे चित्र घेतले. ते चित्र काही फारसे रेखीव आले नाही, परंतु माझ्या संग्रहात ते मी सर्वांच्या वर ठेवले आहे.

वाचकहो, आपल्याही घरात गिरणीत राबलेले आजोबा, मामा, काका असतील. त्यांचे चित्र घ्या. भिंतीवर जुने चित्र असल्यास त्याच्या पाठीवर नाव, गिरणी आणि खाते लिहून ठेवा. आणि त्यापूर्वी त्यांना एवढे अवश्य विचारा: “तुम्ही उभे कुठे राहत होता?”