आमची चंची

माणसाची साठी उलटली कीं दुसऱ्यांस उपदेश करण्याचा अधिकार त्यास आपोआप प्राप्त होतो, अशी एक समजूत आहे. आम्ही तर चौतीस वर्षें शाळामास्तरच होतों. त्यामुळें साठीची वाट पाहण्याचेंही आम्हांस कारण पडलें नाहीं. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत झालें, आणि तेंच आम्हीं नगर जिल्ह्यांतील एका शाळेंत जन्मभर शिकविलें. इंद्रियनिग्रहावरचीं सुभाषितें किती मुलांकडून पाठ करून घेतलीं, याची गणती नाहीं. तीं पाठ करून घेत असतांना आमच्या डाव्या गालांत तंबाखूचा बार असे, ही गोष्ट मात्र कोणत्याही सुभाषितांत नाहीं. ती आज आम्ही सांगणार आहों.

वडिलांच्या मागें त्यांची पोथ्यांची पेटी आणि त्यांची चंची, अशा दोन वस्तू आमच्या वांट्यास आल्या. पेटीपेक्षां चंची अधिक वेळां उघडली गेली. पान-सुपारी आधीं, तंबाखू मागाहून, आणि पुढें पान सुटून नुसता चुना-तंबाखूच राहिला. २००३ सालीं कायदा झाला, कीं शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये. त्या कायद्याचा फलक आम्हींच सुवाच्य अक्षरांत लिहून शाळेच्या दारावर लावविला. दारावरच्या दुकानांतून तंबाखू आंत येणें बंद झालें. आमच्या खिशांतून येणें चालूच राहिलें. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील १५ वर्षांवरील माणसांपैकीं शेंकडा २८.६ तंबाखू वापरतात, व शेंकडा २१.४ धूर न काढतां खातात, ओढतात किंवा लावतात, असें आढळलें. हा आंकडा वर्तमानपत्रांत वाचून आम्हीं मोठा खेद प्रकट केला होता. स्वतःस त्यांत मोजलें नव्हतें.

मग एका दिवाळीच्या सुटींत घरांतलीं मुलें ओसरीवर 'घर-घर' खेळत होतीं. आमचा सात वर्षांचा नातू आजोबा झाला होता. त्यानें पंचा गुंडाळून त्याची चंची केली, तुळशीचें पान हातावर चोळून गालांत धरलें, आणि पुतण्याच्या मुलीकडे न पाहतांच तो खेंकसला, "अगं, ती पिकदाणी सरकव इकडे!" सगळे खो-खो हंसले. आम्हीही हंसलों. सौभाग्यवती मात्र हंसल्या नाहींत, आणि सूनबाई खालीं पाहून आंत निघून गेल्या. मुलानें तंबाखूची नक्कल केली याचें आम्हांस इतकें वाटलें नाहीं. पण तो खेंकसण्याचा स्वर हुबेहूब आमचा होता. माणसाकडे न पाहतां माणसास कामास लावण्याची ती ढब पोरानें अचूक उचलली होती.

त्याच महिन्यांत दांत दाखविण्याच्या निमित्तानें नगरास गेलों असतां डॉक्टरांस आमच्या गालाच्या आंतल्या बाजूस एक पांढरा चट्टा दिसला. ते म्हणाले, "हा कर्करोग नाहीं; पण असे चट्टे त्या वाटेवर जाऊं शकतात. तंबाखू आज सोडा, उद्यां नको." आम्हीं देवासमोर शपथ घेतली. ती अकरा दिवस टिकली असें म्हणतां येईल. पण खरें पाहतां ती एक दिवसही टिकली नव्हती. कारण तंबाखूच्या जागीं आम्हीं सुपारी धरली होती, व सुपारीच्या जोडीस सहा वेळां चहा. सुपारी एकटीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालींच दिला आहे, हें मागाहून कळलें.

आम्ही व्याकरणाचे विद्यार्थी. एका वर्णाच्या जागीं दुसरा वर्ण येतो, तेव्हां जो जातो तो 'स्थानी' आणि जो येतो तो 'आदेश', हें आम्हीं हजार वेळां फळ्यावर लिहिलें असेल. पण त्याच शास्त्रांत पुढें असें सांगितलें आहे, कीं आदेश पुष्कळदां स्थानीचेच गुणधर्म घेऊन बसतो. आमच्या सुपारीचें तेंच झालें. बसणारा बदलला; जागा तीच राहिली. ती जागा मुळांत कशानें पडली, हा प्रश्न आम्हीं विचारलाच नव्हता.

तो प्रश्न सुचला, तो हिवरे बाजार येथें. आमचा एक जुना विद्यार्थी शेतकी खात्यांत आहे. तो कामानिमित्त तिकडे निघाला असतां "गुरुजी, चला" म्हणाला. नगर तालुक्यांतलें हें लहानसें गांव १९७२ च्या दुष्काळानंतर पार खचलें होतें. विहिरी आटल्या, माणसें पोटामागें मुंबई-पुण्याकडे गेलीं, मागें राहिलेल्यांत दारू व भांडणें वाढलीं. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गांवानें स्वतःस कांहीं बंद्या घालून घेतल्या: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी वगैरे. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धींत अण्णा हजारे यांनीं १९७५ नंतर जें काम उभें केलें, तेंच यांच्यापुढें उदाहरण होतें. हिवरे बाजारानें आणखी एक मर्यादा घातली: शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, ऊंस-केळीसारखीं पाणी पिणारीं पिकें लावावयाचीं नाहींत. पवारांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली, हें वाचकांस ठाऊक असेलच.

आम्हीं डोंगराच्या उतारावर आडवे खणलेले समतल चर पाहिले. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, पूर्वी इथलं पाणी येई तसं धावत जाई, जातांना मातीही घेऊन जाई. आतां तें अडतं, म्हणून जिरतं. जिरतं म्हणून विहिरींत उतरतं." 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हें वाक्य आम्हीं भिंतींवर शेंकडों वेळां वाचलें होतें; पण त्याचीं दोन अंगें आहेत, हें त्या दिवशीं प्रथम उमगलें. आमची शपथ नुसती अडविणारी होती. जिरविण्याची सोय तिच्यांत कोठेंच नव्हती. त्यानें आणखी सांगितलें, कीं दर वर्षीं पावसाचें माप घेऊन गांव पाण्याचा ताळेबंद मांडतें. पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून उरेल त्यांतून ग्रामसभेंत पिकें ठरतात. बंदी आणि हिशेब अशा दोन पायांवर तें गांव उभें आहे.

घरीं येतांच आम्हीं एक वही घातली. ज्या ज्या वेळीं तल्लफ येई, त्या त्या वेळीं घड्याळ पाहून, तिच्या लगोलग आधीं काय घडलें तें लिहावयाचें, एवढाच नियम. पहिल्याच दिवशीं नऊ नोंदी झाल्या. त्यांपैकीं सहांच्या आधीं एकच गोष्ट होती: कोणी तरी कांहीं तरी मागितलें, आम्हांस तें करावयाचें नव्हतें, आणि आम्हीं "हो" म्हटलें. कोणाच्या मुलीच्या लग्नाचीं मंगलाष्टकें, कोणाचा तलाठ्याकडील अर्ज, कोणाच्या नातवाची फुकट शिकवणी, उत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्च. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आम्ही मुलांस शिकवीत होतों. ती बहीण आमच्याच घरीं राहावयास आहे, हें दिसलें नव्हतें. बाहेर हंसतमुखानें "हो" म्हणावें, आंत चरफडत यावें, चंची सोडावी, आणि चरफड घरच्या माणसांवर काढावी, असा तो क्रम होता. लोक आम्हांस परोपकारी म्हणत. त्या परोपकाराची किंमत बायको-सुनेकडून वसूल होत होती.

म्हणून आम्हीं स्वतःस पहिला बांध घातला: कोणी कांहीं मागितलें तर त्याच दिवशीं "हो" म्हणावयाचें नाहीं, "उद्यां सांगतों" म्हणावयाचें. दुसरा बांध: सकाळीं नऊपर्यंतचा वेळ स्वतःच्या वाचनाचा. पहिली कसोटी लौकरच आली. शेजारचे एक वजनदार गृहस्थ उत्सवाचें खजिनदारपण आमच्या गळ्यांत घालावयास आले. आम्हीं दुसरे दिवशीं त्यांच्या घरीं जाऊन "यंदां आम्हांस जमणार नाहीं" असें सांगितलें. सांगतांना हात कांपत होते. ते म्हणाले, "बरं, मग दुसऱ्या कोणाला विचारतों." इतकेंच! तीस वर्षें ज्या संकटास आम्ही भीत होतों, तें हें एवढेंसें होतें.

आत्मविश्वासाचेंही तसेंच झालें. वर्गांत आमचा आवाज मोठा असे व छडीही असे. त्यालाच आम्ही आत्मविश्वास समजत होतों. वस्तुतः "ठाऊक नाहीं" हे दोन शब्द तोंडून निघतील या भीतीचा तो बंदोबस्त होता. पूर्वीं अडचणीचा प्रश्न आला कीं आम्ही प्रथम चंची काढीत असूं. तोंड भरलेलें असलें म्हणजे उत्तर लांबवितां येतें. त्या महिन्यांत शेजारची एक कॉलेजांतील मुलगी एका समासाचा विग्रह विचारावयास आली. आम्हांस तो येईना. मोठ्या कष्टानें म्हटलें, "बाळ, आम्हांस ठाऊक नाहीं, पाहून सांगतों." ती दुसरे दिवशीं स्वतःच कोश घेऊन आली, आणि आम्हीं दोघांनीं मिळून तो लावला. तेव्हांपासून ती आठवड्यांतून दोनदां येते. सर्वज्ञ मास्तरांकडे इतक्या आपुलकीनें कोणी आल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आतां राहिली पिकदाणी. तंबाखू सुटून तीन आठवडे झाले, तेव्हां ती पितळी पिकदाणी माळ्यावर टाकण्याआधीं धुवावी म्हणून आम्ही प्रथमच परसांत घेऊन बसलों. तिच्या तळाशीं जें होतें त्याचें वर्णन या मासिकाच्या पानांवर करणें प्रशस्त नाहीं. आम्हांस ओकारी आली. सौभाग्यवती विहिरीवरून पाहत होत्या. आम्हीं विचारलें, "ही रोज कोण धूत होतं?"

त्या म्हणाल्या, "मीच. लग्न होऊन आलें त्या पहिल्या आठवड्यांत सासूबाईंनीं दाखवून दिलं, तेव्हांपासून. सूनबाईला मात्र कधीं हात लावूं दिला नाहीं. म्हटलं, ही पाळी माझ्याबरोबर संपूं दे."

चाळीस वर्षें! आम्ही इंद्रियनिग्रहावर बोलत होतों, आणि एक माणूस रोज पहाटे कोणास न सांगतां आमची घाण धूत होतें. इतकेंच नव्हे, तर पुढच्या बाईवर ती वेळ येऊं नये म्हणून दारांत उभें होतें. मर्यादा कशी घालावी, हें शिकण्यास आम्ही हिवरे बाजारापर्यंत गेलों. ती आमच्या परसांत कधींचीच घातलेली होती.

आपल्या घरांतून नवरा-बायकोंनीं एकमेकांचे आभार मानण्याची चाल नाहीं, आणि त्या क्षणीं आमच्या तोंडून शब्दही फुटला नाहीं. दुसरे दिवशीं आम्ही साडेपांचला उठलों, चहा केला, आणि त्यांच्या पुढें नेऊन ठेवला. त्यांनीं एक घोट घेतला व म्हणाल्या, "साखर फार झाली." तेव्हांपासून सकाळचा चहा आम्ही करतों. साखर आतां बेताची पडते.

आमच्याच जिल्ह्यांत नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरमहाराजांनीं गीतेवरील भाष्य पुरें केलें व शेंवटीं दान मागितलें. त्यांत दुष्टांचा नाश व्हावा असें नाहीं. त्यांचें वांकडेपण गळावें व सत्कर्माची गोडी वाढावी, असें आहे. आम्ही हें वर्षानुवर्षें शाळेंत म्हणवून घेतलें. गळणें आणि वाढणें हीं दोन्हीं एकत्र मागितलीं आहेत, हें आतां कळतें. नुसतें गळेल त्या जागीं सुपारी येऊन बसते.

फार मोठेपणा सांगण्यासारखें कांहीं झालेलें नाहीं. चट्टा फिकट झाला आहे. तरी दर सहा महिन्यांनीं दाखवावें लागतें. गेल्या वैशाखांत एका लग्नाच्या पंगतीनंतर आम्हीं एकदां हात पुढें केला, व तो बार गालांत धरलाही. रात्रीं वहींत तशी नोंद केली आणि घरांत सांगितलें. पूर्वीं लपविलें असतें. पाऊस पडून गेल्यावर अजून तल्लफ येते. तेव्हां ओसरीवर येऊन पन्हाळीचें पाणी कोठें जातें तें पाहत बसतों. चंचीचे कप्पे धुऊन सौभाग्यवतींनीं त्यांत सुया-दोरा ठेवला आहे.

उपदेश करण्याचा आमचा अधिकार आम्हीं आतां बराचसा सोडला आहे. तरीही जुन्या संवयीस अनुसरून वाचकांस एक गृहपाठ देतों. ज्यांच्या घरीं पिकदाणी आहे, किंवा तिच्यासारखें दुसरें कांहीं आहे, त्यांनीं तें एकदां स्वतः धुवावें, आणि मग आजवर कोण धूत होतें, तें विचारावें.