आठाच्या आकड्यावरचा एक दिवस

बालमित्रांनो, सहल म्हटलं की तुम्ही काय करता? खाऊचा डबा भरता, टोपी शोधता आणि खिडकीच्या जागेवरून भांडता! पण समजा, गोव्यासारखी दोन राज्यं पोटात घालून वर जागा उरेल एवढं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ते मोटारीतून पाहायला तुमच्या हातात एकच दिवस आहे. मग काय कराल?

असं उद्यान अमेरिकेत आहे. त्याचं नाव यलोस्टोन. १८७२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर! २०१९ च्या जून महिन्यात मी माझ्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिथे जायचं ठरलं. बरोबर बहीण, तिचे यजमान, बारा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांची भाची आणि आमची आई, म्हणजे मुलांची आजी. सुट्टी तुटपुंजी. उद्यानाच्या वाट्याला एकच दिवस आला.

आदल्या आठवड्यात आम्ही जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. यलोस्टोनमधला मुख्य रस्ता कसा आहे, ठाऊक आहे? इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा! वर एक वाटोळं, खाली एक वाटोळं. मग प्रत्येकानं आपापली मागणी सांगितली. भाचीला बायसन बघायचे होते. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा, केसाळ भाऊबंद. आजी म्हणाली, "मी वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं पाहिली आहेत. इथलं पाणी म्हणे आभाळात उडतं. तेवढं दाखवा, म्हणजे झालं." आणि भाच्याला हवे होते लांडगे. या उद्यानातले लांडगे माणसांनी मारून संपवले होते. मग १९९५ साली कॅनडातून चौदा लांडगे आणले आणि त्यांचा वंश इथे पुन्हा वाढला. ही गोष्ट त्याला तोंडपाठ होती. ते दिसण्याची उत्तम जागा म्हणजे लामारचं खोरं, आठाच्या वरच्या वाटोळ्याच्याही पलीकडे.

"सगळं बघू या ना, मावशी!" तो म्हणाला.

मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, "बघू या की. आधी गणित कर."

तुम्हीही करून पाहा. पश्चिमेच्या फाटकातून शिरायचं, खालचं वाटोळं पुरं करायचं आणि त्याच फाटकातून बाहेर पडायचं. अंतर सुमारे २०० किलोमीटर. तिथे वेगाची मर्यादा आहे ताशी ७२ किलोमीटर. म्हणजे कागदावर पावणेतीन तास! पण वळणं आहेत, गर्दी आहे, रस्त्यात जनावरं उभी राहतात. म्हणून आम्ही ताशी ४० चाच हिशेब धरला. झाले पाच तास. सकाळी सहा ते संध्याकाळी सात हे तेरा तास. त्यातून पाच गेले, उरले आठ. त्यातले दोन तास मी राखीव ठेवायला लावले.

"राखीव कशाला?" भाचीनं विचारलं.

"बायसनसाठी. त्यांना आपलं वेळापत्रक ठाऊक नसतं!"

उरले सहा तास, आणि पाहायची ठिकाणंही सहा. आता लामार. वाटेतल्या कॅन्यनहून तिथे जाऊन यायचं म्हणजे आणखी जवळजवळ १०० किलोमीटर, अडीच तास. शिवाय लांडगे दिसतात ते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. आम्ही पोचणार भर सकाळी. भाच्यानं दोनदा गणित केलं. तिसऱ्यांदा केलं. राखीव वेळ खाल्ला तर लामार बसत होतं, पण मग आजीला कारंज्यापाशी थांबायला वेळ उरत नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानंच 'लामार' या शब्दावर रेघ मारली. त्याला खोडायला कुणीही सांगितलं नव्हतं, बरं का!

आता पुढचा प्रश्न: वाटोळं कुठल्या बाजूनं फिरायचं? जनावरं सकाळी बाहेर पडतात, म्हणून हेडन खोरं आधी. ग्रँड प्रिझमॅटिक नावाचं भलंमोठं रंगीत कुंड गार सकाळी वाफेत बुडून जातं, म्हणून ते शेवटी. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं! पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळतं, म्हणून टाकी आदल्या रात्रीच भरली. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा घेतला. आणि जून असला तरी स्वेटर घेतले, कारण बहुतेक उद्यान दोन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे.

दोन नियम भाचीनं मोठ्या अक्षरात लिहिले. अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर, इतर बहुतेक जनावरांपासून २३ मीटर लांब राहायचं. बायसन संथ दिसतो, पण ताशी ५० किलोमीटरपेक्षा जोरात धावतो. आणि गरम झऱ्यांजवळ लाकडी फळ्यांची वाट सोडायची नाही. तिथली जमीन वरून घट्ट दिसते, पण कवच पातळ असतं आणि खाली पाणी उकळत असतं. त्या पाण्यात भाजून आजवर वीसहून अधिक माणसं दगावली आहेत.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय झालं? कॅन्यनला ९४ मीटर उंचीचा धबधबा पाहिला. हेडन खोऱ्यात बायसनचा कळप रस्त्यावर आला आणि चाळीस मिनिटं हललाच नाही. पुढे एक छोटं तळं लागलं, आयसा लेक. त्याचं पाणी एका टोकानं अटलांटिककडे आणि दुसऱ्या टोकानं प्रशांत महासागराकडे जातं. आजी लगेच म्हणाली, "आपल्या महाबळेश्वरासारखं! कृष्णा पूर्वेला जाते, सावित्री पश्चिमेला."

ओल्ड फेथफुल कारंज्यापाशी पोचलो, तर ते नुकतंच उडून गेलेलं! ते साधारण दीड तासानं उडतं, आणि पुढची वेळ तेवढी फलकावर लिहितात. कित्येक माणसं घड्याळ पाहून हळहळत निघून गेली. आमच्याकडे मात्र वेळ होता. आजी बाकावर बसली, भाचा तिच्या शेजारी. मग जमीन गुरगुरली, आणि उकळतं पाणी चाळीस-एक मीटर वर गेलं. आजीनं हात जोडले. भाचा कारंज्याकडे कमी आणि आजीच्या चेहऱ्याकडेच जास्त पाहत होता.

लांडगा काही दिसला नाही. रात्री मी त्याचा कागद पाहिला. खोडलेल्या 'लामार'पुढे त्यानं लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी, पहाटे.'

तेव्हा दोस्तांनो, तुमची पुढची सहल रायगडची असो की ताडोबाची, कागद-पेन्सिल घेऊन आईबाबांबरोबर बसा. काय काय बघायचं ते लिहा, तास मोजा, थोडे तास राखून ठेवा. आणि काहीतरी खोडावं लागलं, तर ते कुणासाठी खोडतोय, तेवढं मात्र नीट पाहा.