एलिव्हेशनचा हट्ट

इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एकही आउटडोअर युनिट दिसता कामा नये, हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा नियम मीच लिहिला आणि सभेत भांडून मंजूर करून घेतला. सगळी युनिटं मागच्या डक्टमध्ये, एकावर एक. इमारत समोरून नीटनेटकी दिसते, हे आजही खरं. पण नियमाच्या बाजूने मी आता नाही.

मार्च उलटला की तक्रारी सुरू व्हायच्या, बहुतेक वरच्या मजल्यांवरून. एसी रात्री बरा चालतो, दुपारी बंद पडतो. मेकॅनिक यायचा, ‘गॅस कमी झालाय’ म्हणायचा, पैसे घेऊन जायचा. पुन्हा तेच. वास्तविक एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला तर गळती असणार, फ्लेअर नटच्या जोडावर नाहीतर कॉइलच्या बारीक छिद्रातून. ती न शोधता भरलेला गॅस टिकेल कसा?

माझं मत फिरलं ते मात्र साध्या हिशेबाने. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतो. त्यात कॉम्प्रेसरची वीज मिळवा. साडेसहा-सात किलोवॅट बाहेर पडतात. आमच्याकडे सात मजले, म्हणजे एका डक्टमध्ये पंचेचाळीसच्या आसपास. गरम हवा वर चढणार, आणि खालच्याने फेकलेली हवा वरच्याच्या कंडेन्सरने ओढायची! एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजतात. डक्टमध्ये दुपारी ते कुठले? मग गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. रात्री डक्ट निवला की सुरळीत. त्यात वरून आणखी गॅस भरला तर दाब वाढणारच. सततच्या उष्णतेने कॅपॅसिटर जातात, इन्व्हर्टर एसीची पीसीबी जाते, ते वेगळंच.

शिवाय त्या डक्टमध्ये उतरायचं कोणी? कबुतरांची घाण, ड्रेनेजचे पाइप, पाय ठेवायला जागा नाही. एका पोराला खिडकीचा गज धरून लोंबकळत नट आवळताना पाहिलं आणि मेकॅनिकांना नावं ठेवणं मी बंद केलं. आउटडोअर कुणी धूतच नव्हतं. इनडोअरच्या जाळ्या धुतल्या की सर्व्हिसिंग झाली.

गेल्या सर्वसाधारण सभेत नियम रद्द करण्याचा ठराव मीच मांडला. युनिटं ड्राय बाल्कनीबाहेर मोकळ्या हवेत लावावीत, समोर लूव्हर्स नकोत, हात पोचेल अशी जागा हवी. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “मग तेव्हा एवढे का भांडलात हो?”

मी ‘सौंदर्यदृष्टी’ वगैरे काहीतरी पुटपुटलो. खरं म्हणजे तेव्हा मला फ्लॅट विकायचा होता, आणि गिऱ्हाईक इमारत आधी समोरून बघतं. फ्लॅट काही विकला गेला नाही. ठराव पुढच्या सभेवर ढकललाय.