गांधीबागेत न मिळणारे कापड

नागपूरच्या गांधीबागेत शिरा. दोन्ही अंगांनी ताग्यांच्या थप्प्या, ठोक भावाची घासाघीस! पण गोधडीला हवे असते ते कापड या बाजारात मिळत नाही. त्याला वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडेच लागते. लुगड्याच्या घडीत जुनेरांचे थर पसरून, कडेपासून आत धावदोरा घालीत आई गोधडी पुरी करते आणि लेकीच्या बाळंतपणात पाठवते. जवळच १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल केव्हाच बंद पडली. कोष्ट्यांचे हातमागही थोडे उरले. त्यांचे सूत मात्र एखाद्या गोधडीच्या पोटात अजून ऊब धरून असेल. नवे कापड कुणालाही देता येते, हो; हे आधी स्वतः नेसून झिजवावे लागते.