रंगमंचावर न आलेला डॉक्टर

जयंत पवारांचे ‘अधांतर’ आम्ही गेली काही वर्षे एम. ए.च्या वर्गाला शिकवीत आहोत. खामगाव, शेगाव, चिखली अशा गावांतून आलेली ही मुले. घरी चार-पाच एकर पऱ्हाटी असते, पण गिरणीचा भोंगा कोणी ऐकलेला नसतो. गिरणगावात गेली ती माणसे प्रामुख्याने कोकणातली आणि घाटावरची. आमच्या भागातून तिकडे गेला तो बहुतांशी कापूसच. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, संपामुळे घर मोडले हे कळले. पण संप करणारा माणूस कसा होता?” आम्ही दोघांनीही त्या दिवशी तिला जे उत्तर दिले, ते खरे म्हणजे उत्तर नव्हते. पुस्तकातला परिच्छेद होता.

डॉ. दत्ता सामंत यांचा जन्म 1932चा, मालवणजवळच्या देवबागचा. वैद्यकीय शिक्षण त्यांनी परळच्या के. ई. एम.मध्ये, म्हणजे गिरण्यांच्या ऐन गराड्यात घेतले. दवाखाना मात्र घाटकोपरला थाटला आणि तिथे त्यांच्यासमोर आले ते दगडखाणीतले मजूर. औषधाने बरा होणारा आजार आणि मजुरी वाढल्याखेरीज बरा न होणारा आजार, यांतला फरक त्यांना तिथेच उमगला असावा, असे आम्हांला वाटते. 1972 साली ते काँग्रेसतर्फे विधानसभेत गेले. आणीबाणीत त्याच काँग्रेसच्या राजवटीत तुरुंगातही गेले. बाहेर आले ते अधिक मोठे होऊन. मालकाचा ताळेबंद पाहायचा नाही, कामगाराच्या घरखर्चाचा आकडा मांडायचा आणि तिथून हलायचे नाही, ही त्यांची रीत. अभियांत्रिकी कारखान्यांत ती फळली.

गिरण्यांचे प्रकरण निराळे होते. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच संघटनेला मान्यता होती, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. 1981च्या दिवाळीत बोनसवरून बिनसले, तेव्हा कामगार स्वतः चालत घाटकोपरला गेले आणि ‘तुम्हीच आमचे पुढारीपण करा’ म्हणून बसले. पुढाऱ्याने माणसे जमवावीत, हे नेहमीचे; इथे माणसांनी पुढारी गाठला. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि तो कायदाच रद्द करणे, अशा मागण्या होत्या. पहिल्या दोन मागण्यांवर कदाचित काही देवाणघेवाण झाली असती. तिसरीवर सरकार हलणे शक्य नव्हते.

तेव्हा आम्ही दोघेही शाळेत जाण्याच्या वयाचे नव्हतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले: मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा इथे काय झाले? त्यांना संप आठवेना. एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर लावलेल्या बैलगाड्यांची रांग आठवली, आणि उशिरा येणारा चुकारा. 1972पासून कापूस सरकारच घेत होते आणि तिकडे मालक भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड काढून घेत होते. सूत थांबले नाही, कापड थांबले नाही. थांबली ती फक्त माणसे. ज्या खामगावच्या कापसासाठी 1870 साली खास रेल्वेचा फाटा आला, त्या गावापर्यंत अडीच लाख माणसांच्या उपासमारीची बातमी एखाद्या ओरखड्याएवढीही पोचू नये, हे आमच्या मनातून जात नाही.

संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. सामंतांवरचा मोठा आक्षेप हाच, की त्यांना थांबता आले नाही. आणि तो आम्हांला पूर्णपणे खोडता येत नाही. पण 1984च्या डिसेंबरात, काँग्रेसच्या अभूतपूर्व लाटेत, मुंबई दक्षिण मध्यमधून हाच माणूस अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आला. ज्यांच्या चुली त्याच्या हट्टाने विझल्या असे म्हणतात, त्याच वस्त्यांनी त्याला मते दिली. हे मत कशाचे होते? कृतज्ञतेचे म्हणावे, तर मिळाले काहीच नव्हते. आशेचे म्हणावे, तर संप केव्हाच हरला होता. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत घरापासून जवळच त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. ‘अधांतर’ रंगभूमीवर आले तेही त्याच वर्षी.

त्या नाटकात आई आहे, लेखक होऊ पाहणारा मुलगा आहे, गुंडगिरीत शिरलेला मुलगा आहे. डॉक्टर रंगमंचावर येत नाही, आणि नाटकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण इतर मराठी कथा-कादंबऱ्यांतही तो आम्हांला जवळजवळ भेटत नाही. आपल्या साहित्याला हुतात्मा रंगवता येतो, दलाल पुढारीही रंगवता येतो. लोकांनीच ओढून आणलेला, हरलेला आणि तरीही लोकांनी न टाकलेला माणूस कुठल्या साच्यात बसवायचा?

आता थोडे आमच्याविषयी, कारण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2013 साली राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला, त्यात आम्हीही होतो. घोषणा आम्हीही दिल्या. मे महिन्यात बहिष्कार मिटला, आम्ही उत्तरपत्रिका तपासायला बसलो आणि जूनमध्ये नेहमीप्रमाणे वर्गावर गेलो. मिटवणे आम्हांला परवडले, कारण परत जायला जागा शिल्लक होती.

यंदा त्या धड्याच्या वेळी हे सगळे वर्गात सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, मग त्या लोकांनी त्याला मत दिले ते बरोबरच केले.” का, असे विचारले तर त्याला सांगता आले नाही. बाहेर एस.टी.ची वेळ झाली होती.