मांडी आणि धीर

विपश्यनेत धीराचा पहिला धडा गुडघ्यांना मिळतो. ही साधना शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांचे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ साली सुरू झाले. तिथल्या १० दिवसांच्या शिबिरात ‘अधिष्ठान’ असते, म्हणजे तासभर न हलता बसणे. घरी परतल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, अशी अपेक्षा असते. खरी कसोटी तीच. शिबिरात मौन असते, माझ्या खडकीतल्या घराजवळ लोहमार्ग. लोणावळा लोकल धडधडत जाते, शेजारचा कुकर शिट्टी मारतो, पायाला मुंग्या येतात. मांडी न बदलता त्या नुसत्या पाहायच्या. त्या वाढतात, ओसरतात. चीडही तशीच ओसरते, हे अंगाला लवकर उमगते, मनाला बरेच उशिरा. कित्येकदा तासाची वीसच मिनिटे होतात, तीही घड्याळाकडे पाहण्यात.