एका हत्यारपेटीसाठी केलेला प्रवास

वाचकहो, आपल्यापैकी कोणी इंदूरला राहत असाल, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. गाव कोणतेही असो, आपल्या घराच्या माळ्यावर अथवा जिन्याखाली एखादी जुनी लाकडी पेटी पडून असण्याचा पुष्कळ संभव आहे. तिचे कुलूप गंजलेले असते, किल्ली हरवलेली असते, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ‘ही आता काढून टाकू या’ असे घरातील कोणीतरी म्हणतेच. अशाच एका पेटीच्या निमित्ताने मला मुंबईचे तीन बाजार आणि उत्तर प्रदेशातील एक शहर पाहण्याचा योग आला. त्या प्रवासाची हकिगत आपणांस सांगावी, असे मनात आहे.

माझी नोकरी दिल्लीस, माहेर डोंबिवलीस. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या रजेत मी मुंबईच्या चोरबाजारात गेले होते. भेंडीबाजाराच्या परिसरातील मटन स्ट्रीट ही अरुंद गल्ली या बाजाराचा गाभा होय. मूळचा हा ‘शोर बाजार’, म्हणजे गोंगाटाचा बाजार, आणि इंग्रजांच्या उच्चाराने त्याचा ‘चोर बाजार’ झाला, असे सांगतात. शुक्रवारी येथील दुकाने बंद असतात आणि त्याच दिवशी सकाळी रस्त्यावर जुन्या वस्तूंचा निराळा बाजार भरतो. इतर दिवशी दुकानांत ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरील दिवे, लंबकाची घड्याळे आणि चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके यांची दाटी असते.

अशा एका दुकानात, मोडक्या खुर्च्यांच्या खाली, मला ती पेटी दिसली. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच. वरून कोणीतरी हिरवा तैलरंग फासलेला होता. किल्ली नव्हती, पण कुलूप उघड्या स्थितीतच अडकून बसले असल्यामुळे झाकण उचलता आले. झाकणाच्या आतील बाजूस करवत अडकविण्याच्या लाकडी खुंट्या होत्या. आत एकावर एक सरकणारे खण होते. ही सुताराची हत्यारपेटी आहे, हे ओळखण्यास मला क्षणभरही लागला नाही, कारण अशा पेटीचे वर्णन मी लहानपणापासून ऐकत आले होते.

लालबागची पेटी

माझे आजोबा लालबागच्या चाळीत राहत आणि एका कापड गिरणीच्या सुतारखात्यात काम करीत. मागांचे लाकडी भाग दुरुस्त करणे हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यांची स्वतःची हत्यारे त्यांनी स्वतः केलेल्या सागवानी पेटीत असत. रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट, मोगरी, ओळंबा, प्रत्येकाची जागा ठरलेली होती. काळोखातही हात घातला, तर हवे तेच हत्यार हाती यावे, असा त्यांचा बाणा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुष्कळ घरांतील भांडी, दागिने एकामागून एक बाहेर गेले. आमच्या घरातून त्या वर्षाच्या अखेरीस हत्यारपेटी गेली. माझे वडील तेव्हा पंधरा वर्षांचे होते. लालबागपासून चोरबाजारापर्यंत हातगाडी त्यांनीच ढकलली. परतताना आजोबा वाटेत एक शब्दही बोलले नाहीत, एवढेच बाबांनी मला कधीतरी सांगितले होते.

मी अडीच हजार रुपये मोजून ती हिरवी पेटी घेतली आणि टेंपोत घालून डोंबिवलीस नेली. बाबांनी झाकण उचलले, वाकून आतल्या बाजूस पाहिले आणि ते म्हणाले, “ही आपली नाही.” आजोबांनी झाकणाच्या आत तापलेल्या सळईने आपल्या नावाची दोन अक्षरे डागली होती. ती येथे नव्हती. बाबा आत जाऊन वर्तमानपत्र वाचीत बसले.

पेटी आमची नव्हती हे खरे. पण ती कोणाची तरी होतीच. तिच्या सांध्यांत पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत इतके नेमके गुंतविलेले होते की, इतक्या वर्षांनंतरही त्यांत नखाचे टोक शिरत नव्हते. ते कोणा अनाम कारागिराचे काम असेच सोडून देणे मला बरे वाटले नाही.

आधी पाहावे, मग हात लावावा

जुन्या वस्तूची दुरुस्ती आरंभण्यापूर्वी दोन दिवस ती नुसती पाहावी, असा माझा आपणांस सल्ला आहे. काय मोडले, काय हरवले आणि काय अजून चालते, याची यादी करावी. माझी यादी अशी झाली : कुलूप नादुरुस्त, दोन पितळी बिजागऱ्यांपैकी एक गायब आणि तिच्या जागी दाराची लोखंडी, कोपऱ्यांवरील चार पितळी पट्ट्यांपैकी दोन शिल्लक, तीन खणांपैकी एक नाहीसा, तळाची एक फळी ओलीने कुजलेली. बाकी सर्व शाबूत. म्हणजे गेलेल्यापेक्षा उरलेले अधिक होते.

हिरवा रंग काढताना मात्र सावध राहावे लागले. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाविषयी खात्री देता येत नाही. म्हणून कोरड्या कागदाने घासून त्याची धूळ उडवू नये. पृष्ठभाग ओलसर ठेवून पात्याने खरवडावे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, मुलांना दूर ठेवावे आणि निघालेली खपली कागदात बांधून टाकावी. चार दिवसांनी हिरव्या थराखालून सागाचा मधासारखा रंग वर आला.

सुटलेले सांधे पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे सरसाने जोडलेले होते. सरस कोमट पाण्याने व वाफेने सैल होतो, म्हणून जुना सांधा न फोडता उकलता येतो आणि पुन्हा जोडता येतो. आजच्या रासायनिक गोंदाची पकड घट्ट खरी, पण तो सांधा पुढे कोणास उकलावा लागला, तर लाकूडच फाटते. मी सरसच वापरला. पितळी भागांसाठी घरातील चिंच पुरेशी झाली. गंजलेले लोखंडी भाग दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले.

नागदेवी आणि गुलालवाडी

सुट्या भागांसाठी बाजारात जाताना नमुना बरोबर न्यावा. तोंडी वर्णनावर विसंबू नये. मी उरलेली बिजागरी, एक पट्टी आणि एक जुना स्क्रू रुमालात बांधून मशीद बंदराजवळील नागदेवी स्ट्रीटवर गेले. हत्यारे, यंत्रांचे भाग आणि नटबोल्ट यांची ही पेठ. येथे हातगाड्या, हमाल आणि गिऱ्हाईक यांतून वाट काढणे हीच एक कला आहे.

“कोणत्या कारखान्यासाठी हवेत?” दुकानदाराने विचारले. “एका पेटीसाठी,” मी म्हणाले. तो हसला, परंतु जुना स्क्रू त्याने उजेडात धरून पाहिला. आज बहुतेक स्क्रूंच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी खाच असते. माझ्या पेटीस एकेरी खाचेचे पितळी स्क्रू होते. दुकानाच्या पोटमाळ्यावरून त्याने एक धुळकट डबा उतरविला आणि सोळा स्क्रू मोजून दिले. “सहा सूत लांबी,” तो म्हणाला. एका इंचाचे आठ सूत होतात. १९५६ च्या कायद्याने आपल्या देशात मेट्रिक मापे आली, तरी सुताराच्या तोंडून सूत काही गेलेले नाही. जाता जाता त्याने एक युक्तीही सांगितली. पितळ मऊ असते, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून वाट करावी, मग तो काढून पितळी बसवावा. नाहीतर माथा तुटून हातात येतो.

पितळी पट्टी गुलालवाडीत मिळाली. तांब्यापितळेच्या पत्र्याचा हा जुना बाजार. येथे पट्टी वजनावर मिळते. बिजागरीने मात्र पुष्कळ हिंडविले. नवी चकचकीत बिजागरी मापात बसेना. शेवटी एका शुक्रवारी सकाळी चोरबाजाराच्या रस्त्यावर, जुन्या बिजागऱ्यांच्या ढिगात तासभर बसून, मला हवी तशी एक सापडली. ती दुसरीपेक्षा किंचित अधिक झिजलेली आहे. दोघी एका घरात नांदतात, एवढे पुरे.

नव्या खणासाठी आणि तळाच्या फळीसाठी आमच्या ओळखीच्या सुताराने पाडलेल्या चाळीच्या चौकटीचे सागवान दिले. जुने लाकूड पुरते वाळलेले असते, म्हणून ते पुढे फारसे वाकत नाही. त्यात खिळ्यांची चार भोके होती. ती बुजवू का, असे त्याने विचारले. मी नको म्हणाले. भाषांतराच्या माझ्या व्यवसायात एक गोष्ट मी शिकले आहे : आपण भरलेली जागा मूळचीच होती, असा आव आणू नये, तिने काम नीट केले, म्हणजे झाले.

अलिगढचा फेरा

कुलूप मी बरोबर दिल्लीस नेले आणि एका रविवारी अलिगढची गाडी धरली. अंतर सुमारे १३० किलोमीटर. वाटेत चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले खुर्जा लागते. त्यानंतर थोड्याच वेळात कुलपांचे शहर येते. आपल्या घरातील कुलपांपैकी एखादे तरी तेथून आलेले असेल.

अलिगढच्या जुन्या वस्तीत कुलूप एका छपराखाली तयार होत नाही. एका घरी ओतकाम, दुसऱ्या घरी कानशीने घासणे, तिसरीकडे झिलई, चौथीकडे जुळणी, असे ते गल्लीगल्लीतून हिंडत पूर्ण होते. या कामातील धूळ आणि मुलामा देण्याची रसायने कारागिरांच्या आरोग्यास बाधक ठरतात, हेही सांगितले पाहिजे. स्वस्त कुलपाची काही किंमत अशा रीतीने दुसरेच कोणी देत असते.

एका वृद्ध कारागिराने माझे कुलूप उघडून मांडीवरील फडक्यावर पसरले. आत चार पात्या होत्या. दोन कमानी मोडल्या होत्या.

“नवेच बसविले तर?” मी विचारले.

“नवे कोठेही मिळेल, बेटी,” ते म्हणाले, “पण पेटीत याच्या मापाची खोबण कोरलेली आहे. नवे बसवायचे, तर लाकूड कापावे लागेल. चूक कुलपाची, शिक्षा पेटीला कशाला?”

त्यांनी कमानी बदलल्या. मग कोरी किल्ली दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळीने काळी केली, कुलपात घालून हलकेच फिरविली आणि बाहेर काढली. जेथे पाती अडली होती, तेथे काजळी पुसली गेली होती. तेवढेच कानशीने घासले. असे वीस-पंचवीस वेळा झाले. अखेर किल्ली पूर्ण फिरली, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात देऊन मलाच पुन्हा फिरवावयास लावली.

गुण्या

पुढील रजेत डोंबिवलीच्या गॅलरीत मी पेटीस लाखेचे पॉलिश दिले. लाख ही एका इवल्याशा किड्याची देणगी. पळस, कुसुम, बोर या झाडांवर तो वाढतो, आणि तिच्या उत्पादनात झारखंड अग्रेसर आहे. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापूस भरलेल्या मऊ फडक्याच्या बोळ्याने पातळ हात द्यावयाचा, वाळू द्यावयाचा, पुन्हा द्यावयाचा. मी आठ हात दिले. बाबा आत खुर्चीत बसून पाहत असत. बोलत नसत.

शेवटी नवा खण बसविला, तर तो एका बाजूने अडू लागला. मेण चोळून पाहिले, घासून पाहिले. उपयोग होईना. तेव्हा बाबा उठले. कपाटाच्या तळातून त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आणली. तो गुण्या होता, काटकोन तपासावयाचा. लाकडी दांडा हाताने गुळगुळीत झालेला, पाते काळवंडलेले. दांड्यावर दोन डागलेली अक्षरे होती.

पेटी विकावयास नेली त्या दिवशी, हातगाडी ढकलण्यापूर्वी, पंधरा वर्षांच्या मुलाने तो आपल्या सदऱ्याखाली लपविला होता. आजोबांना ते कळले होते की नाही, हे बाबांना शेवटपर्यंत समजले नाही.

त्यांनी गुण्या खणाच्या कोपऱ्यास लावला. पाते आणि लाकूड यांमधून उजेडाची एक बारीक रेघ दिसली. “अर्धा सूत बाहेर आहे,” ते म्हणाले. सुताराकडून रंधा मागून आणला. चार हात फिरविले. खण सरकला.

वाचकहो, आपल्या माळ्यावरील पेटी फेकण्यापूर्वी एकदा खाली उतरवून, उघडून पाहा. तिच्यात काही सापडेल असे मी म्हणत नाही. माझ्या पेटीतही काही नव्हते. पण आता तिच्या वरच्या खणात एक गुण्या आहे, आणि किल्ली बाबांच्या जानव्याला नव्हे, तर त्यांच्या चष्म्याच्या डबीत असते. ती कोठे आहे हे मला ठाऊक आहे, याची त्यांना कल्पना आहे की नाही, ते मी विचारलेले नाही.